गाठ तेवढी काढा

सात महिन्यांच्या अनिशला आंघोळ घालताना सरिताच्या बोटांना गाठ लागली. उजव्या वृषणात, वाटाण्याएवढी, टणक. दाबली तरी लेकरू रडलं नाही.

"पाणी भरलं असंन वं," सासू पार्वतीबाई म्हणाल्या. "पण बाहेर बोलू नको. पोराची जात आहे, लोक नावं ठेवतीन."

"ठेवू द्या," सरिता म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला, रोशनला घेऊन उमरेडहून नागपूरच्या एसटीत बसली.

पहिल्या दवाखान्यातल्या सर्जननी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. "रक्तातल्या एका प्रथिनाचं प्रमाण वाढलंय. कॅन्सर असू शकतो. वृषण काढून टाकू. एकावर भागतं."

रोशनने सहीसाठी पेन काढलं. सरिताने त्याचा हात धरला.

"असू शकते म्हणता ना साहेब? मंग नसू बी शकते. पक्कं कळाच्या आधी काहून काढाचं?"

"ताई, उशीर करू नका."

"उशीर नाही करत. आजच दुसरीकडे दाखवतो."

बाहेर आल्यावर रोशन चिडला. "तू डॉक्टरपेक्षा शहाणी झाली का?"

"नाही ना! म्हणून तं दुसऱ्या डॉक्टरले इचारून राहिली."

लहान मुलांच्या सर्जन डॉ. मुग्धा वैरागडे यांनी अनिशला हळूच तपासलं, सोनोग्राफी पुन्हा पाहिली. "या वयात ते प्रमाण मुळातच जास्त असतं. एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. गाठीत पाण्याचे कप्पे दिसताहेत, भोवतीचा भागही चांगला आहे. जांघेतून जाऊन गाठ तेवढी काढू आणि ऑपरेशन चालू असतानाच तपासून घेऊ. साधी निघाली तर वृषण वाचेल. वाईट निघाली तर मात्र सगळं काढीन. तेव्हा मला अडवायचं नाही."

"तेव्हा काढा," सरिता म्हणाली. "त्याच्या आधी नाही."

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेर शेजारच्या बाईने लेकराला काय झालं म्हणून विचारलं. "हर्निया," पार्वतीबाई घाईने बोलल्या.

"हर्निया नाही," सरिता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वृषणात गाठ आहे. लहान लेकरायले बी होते. तुमच्या घरी बारकं असंन तं आंघोळीच्या वक्ताले पाहत जा."

पार्वतीबाईंनी पदर तोंडाशी नेला. ती बाई मात्र सरकून जवळ बसली आणि गाठ हाताला कशी लागते ते विचारू लागली.

डॉ. मुग्धा बाहेर आल्या, त्यांच्या तोंडावरचा मास्क खाली होता. "साधी गाठ. पूर्ण निघाली. वृषण वाचलं. वर्ष-दोन वर्षं सोनोग्राफीला यावं लागेल."

रोशन भिंतीला टेकून खाली बसला. "मी तं सही करून देत होतो वं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. सरिताने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तीही त्याच्याजवळ खाली बसली.

आतून अनिशचं भोकाड ऐकू आलं. नर्स दारात येऊन म्हणाली, "भूल उतरली. घाबरू नका, थोडा रडेल."

"रडू द्या," सरिता उठत म्हणाली. "चांगला खणखणीत रडू द्या त्याले."