हाताला न लागणारी शिट्टी

आबा शिडीच्या वरच्या पायरीवर उभे होते आणि त्यांनी उजवा तळहात डक्टवर ठेवला होता, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटलेले. खाली मी, कंत्राटदार उद्धवकाका आणि बंगल्याच्या बाई, तिघंही माना वर करून.

“कसा गप बसलाय बगा,” आबा म्हणाले. “थरथर न्हाई का काय न्हाई.”

आणि त्याच वेळी त्या डक्टमधून शिट्टी वाजत होती. बारीक, सुईसारखी, श्वास न घेता वाजणारी. बाईंना अर्धशिशी होती, त्यांनी दोन्ही बोटं कानशिलावर दाबून धरली होती.

बंगला चिंचवडचा. साहेब एका कारखान्यात वरच्या जागेवर होते आणि त्यांना अख्ख्या घराला मिळून एकच थंड हवेचं मशीन हवं होतं. मशीन मागच्या खोलीत. तिथून छताखालून पत्र्याचे चौकोनी बोगदे, तेच डक्ट. प्रत्येक खोलीला एक फाटा आणि प्रत्येक फाट्यात एक झडप. तिला डँपर म्हणतात. बाहेरची दांडी डक्टच्या रेषेत ठेवली की झडप उघडी, आडवी केली की बंद. माणूस असेल त्या खोलीत गारवा सोडायचा, बाकीच्या खोल्या बंद. आमच्या काळेवाडीच्या खोलीत साधा पंखा नव्हता, पण हे सगळं मी वर्गात फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं आणि विज्ञानाच्या बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्या वर्षी माझं तोंडच सुटलं होतं. भाषणात ढाल मिळाली होती, हेडमास्तरांशी वाद घालून मुलींसाठी वाचनालय उघडायला लावलं होतं. मला वाटायचं, नीट बोललं की जगात काहीही पटवता येतं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकू येत नव्हतं. अगदीच नाही असं नव्हे. ढोल यायचा, ट्रक यायचा जवळ आल्यावर, माझं ओरडणं यायचं. बारीक आवाज आधी गेले. चिमण्या गेल्या, मग आईच्या बांगड्या, मग माणसांच्या बोलण्यातले शेवटचे शब्द. बंद शेडमध्ये पत्र्यावर हातोडी मारत सगळी उमर गेली, त्यात कान झिजले. घरात आम्ही हे कुणाला सांगायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण कुणी सांगत नव्हतं. कारण शेडमध्ये वरून पत्रा सोडताना “बाजूला व्हा” असं ओरडतात, आणि ज्याला ते ऐकू येत नाही त्याला कुठलाच कंत्राटदार ठेवत नाही.

आबांनी त्यावर उपाय काढले होते. एक म्हणजे समोरच्याच्या ओठांकडे बघायचं. दुसरा म्हणजे जे कळलं नाही त्याला “व्हय, झालंच” म्हणून टाकायचं. कामावर माणसाला विचारतात तरी काय? आलास का, बसवलं का, घेतलंस का. बहुतेक वेळा उत्तर जुळायचं, आणि नाही जुळलं तर लोक हसून म्हणायचे, धोंडीबाची आपली वेगळीच तंद्री.

तिसरा उपाय हात. झडप सैल बसली तर हवेनं खुळखुळते, आणि ती खुळखुळ तळहाताला कळते. बाकीचे कानाने शोधायचे, आबा हाताने. त्यामुळे आबांना वाटायला लागलं होतं, हात पुरतो. पण बाकीच्या खोल्यांच्या झडपा बंद केल्या की सगळी हवा एकाच उघड्या झडपेच्या कडेवरून धावते. कडेला केसाएवढी फट असली तर शिट्टी घालते. पत्रा जागचा हलत नाही. शिट्टी हाताला लागत नाही.

त्यासाठीच मी होते. मेच्या सुटीत डबा घेऊन यायचे आणि तपासणी होईपर्यंत रेंगाळायचे. माझी वेणी पाठीवर असली तर सगळं ठीक, खांद्यावरून पुढे घेतली तर आवाज आहे. आज मी वेणी कधीच पुढे घेतली होती. चांगली छातीवर ओढून धरली होती. पण आबांनी डोळे मिटले होते.

“मिस्त्री, शिट्टी येतेय हो,” बाई त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाल्या.

“व्हय, झालंच.”

मी लगेच मधे पडले. म्हटलं, बाई, खिडकीच्या फटीतून वारा येतोय, आमच्या शाळेत पण असंच वाजतं, एकदा तर प्रार्थनेच्या सुरात वाजलं होतं. धावत जाऊन खिडकी लावली. शिट्टी चालूच. दुसरी लावली. बाईंना त्या दुखण्यातही हसू आलं. उद्धवकाका मात्र हसले नाहीत. ते आबांच्या पाठीकडे बघत होते.

मागच्याच आठवड्यात चाकणच्या कामावर वरून पत्रा सुटला होता. सगळे ओरडले आणि आबा आपले खाली उभे. एकाने कॉलरला धरून ओढलं म्हणून वाचले. बिडी पेटवण्याच्या नादात होतो, असं आबांनी सांगितलं होतं.

उद्धवकाकांनी खिशातला रुमाल काढला, घाम पुसावा तसा तोंडावर धरला, आबांनी डोळे उघडले तरी ओठ दिसू नयेत असा, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “धोंडीबा, उद्यापासनं कामाला येऊ नगंस.”

“व्हय मालक,” आबा वरून म्हणाले. “झालंच.”

काकांनी रुमाल खाली घेतला. त्यांचा चेहरा पडला होता. बाजूच्या सिमेंटच्या पोत्यावर ते मटकन बसले. बाई दारापाशी सरकल्या.

मग मी बोलले. ढाल मिळवताना बोलले नव्हते इतकं चांगलं बोलले. आबांना वर चढवू नका, पत्र्यावर खुणा मारायला बसवा, घड्या पाडायला बसवा, त्यांच्यासारखा कोपरा कोण वळवतो सांगा. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

“खाली बशीव म्हनतीस,” ते म्हणाले. “पोरी, पत्रा पडतो तो खालच्याच मानसावर.”

मी वर आबांकडे बघितलं.

“उद्या माझ्या शेडात त्यो गेला, तर तुज्या आईला मी काय सांगू?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तूच सांग त्याला. मला पुन्यांदा न्हाई जमायचं.”

मी शिडीवर थाप मारली. आबांनी डोळे उघडले, खाली बघितलं आणि त्यांना माझी वेणी दिसली. ते सावकाश उतरले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, घरी राहते तशी, ओठ दिसतील अशी.

“आबा, शिट्टी येतेय. आणि काका म्हणाले, उद्यापासून येऊ नका.”

त्यांनी काकांकडे बघितलं. काका फरशीकडे बघत होते.

“कवा म्हनले?”

“आत्ताच. तुम्ही व्हय म्हणालात.”

“व्हय म्हनलो मी?”

“हो.”

आबांनी कमरेच्या फडक्याला हात पुसले, आधी तळवे, मग एकेक बोट.

“मग झालंच की,” ते म्हणाले. मग विचारलं, “कस्तुरे, शिट्टी कडेनं येती का दांडीपाशी?”

असं चारचौघांत मोठ्याने त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. मी शिडीवर चढून डक्टला कान लावला आणि कडेवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी झडप सोडवून काढली, कडेला नमद्याची, दाबलेल्या लोकरीची पट्टी चिकटवली, पुन्हा बसवली. मशीन सुरू केलं. वाजेल तोवर मी हात वर धरायचा, असं सांगितलं. पट्टी दोनदा काढून पुन्हा लावावी लागली. मग मी हात खाली केला. बाई आत जाऊन झोपल्या.

तरी आबा वरच होते. झडपेच्या दांडीच्या टोकावर ते छिन्नीने एक रेघ मारतात, पातं ज्या दिशेला असेल त्या दिशेला, म्हणजे अंधारातही अंगठा फिरवून कळावं की उघडी आहे की बंद. त्या बंगल्यात असं चाचपून बघणारं कुणी नव्हतं, आणि चार दिवसांनी खालून पांढरं छत लागलं की दांडीही दिसणार नव्हती. त्यांनी रेघ मारली. अंगठा फिरवून बघितला. उतरून शेडची कातर आणि रिव्हेटचा डबा काकांपुढे ठेवला. हातोडी स्वतःची होती, ती पिशवीत टाकली.

“येतो मालक.”

काका उठून उभे राहिले. काहीतरी बोललेही, पण मान खाली घालून. आबांनी “व्हय” म्हटलं नाही.

सायकलवर मी मागे बसले. काळेवाडीचा रस्ता त्याच उन्हाळ्यात नवा डांबरी झाला होता, चाक कुठे उडत नव्हतं. मागून ट्रकने हॉर्न दिला. नेहमीसारखा मी तळहात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि ते कडेला झाले. ट्रक निघून गेला. मला खूप काही बोलायचं होतं, पण मागून बोललेलं त्यांना कळत नाही.

हात मी तसाच ठेवला. रस्ता गुळगुळीत होता, आणि माझ्या तळहाताखाली पाठ थरथरत होती.