नमुना विक्रीसाठी नाही

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. जुना झालो तो एका दुकानाच्या काउंटरवर, तोही बांधलेला. माझ्या पट्ट्याला हातभर लांब पोलादी तार अडकवलेली होती. कुणी मला जरा पलीकडे नेलं, की भोंगा वाजायचा आणि सगळे माझ्याकडे पाहायचे. चोरी करणार माणूस, बेडी मात्र मला!

कारखान्यात तपासनीस बाई म्हणाल्या होत्या, "किती स्वच्छ आवाज आहे याचा!" वाटलं, आता कुणाच्या तरी घरी जायचं. पण खोक्यातून निघालो तो थेट काउंटरवरच्या खुंटीवर. वर चिठ्ठी चिकटली : 'नमुना. विक्रीसाठी नाही.'

माझ्या शेजारी एक गुबगुबीत हेडफोन असे. गाद्या लोण्यासारख्या मऊ, पण आवाज असा की ढोल सोडून बाकी सगळे वादक रजेवर गेलेत! पलीकडे कानात खुपसायची बोंडं. वजनाला हलकी, पण मान हलली की गळायची. माझ्यात गाणाऱ्याचा श्वासही ऐकू येई. खोट एकच, मी कान आवळायचो. पहिल्याच गिऱ्हाइकाने तशी तक्रार केली, तेव्हापासून विक्रेत्याला सवयच लागली. मला कुणी हात लावला, की तो आधीच सांगायचा, "आवाज झकास आहे, पण चावतो हं!" मग गिऱ्हाईक मिनिटभर ऐकून मला खाली ठेवायचं. सहा वर्षं हेच चाललं. जीव अगदी कोंडून जायचा.

एके दुपारी एक टंकलेखिका आल्या. डॉक्टरांनी बोलून ठेवलेला मजकूर त्या रोज आठ तास ऐकून टाइप करत. कान इतके दुखत, की नोकरी सोडायची वेळ आली होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला घालून तब्बल तासभर बसल्या. विक्रेता तीनदा खाकरला.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

"नमुना देता येत नाही, ताई. यातलाच नवाकोरा देतो ना!"

त्या नवा घेऊन गेल्या आणि आठव्या दिवशी लाल कान घेऊन परत आल्या. "अहो दादा, हा तर कान पिळतो! तो जुना तासभर डोक्यावर होता, तरी काही जाणवलं नाही."

विक्रेत्याने आम्हा दोघांना ताणून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. हजारो डोक्यांनी मला केव्हाच सैल केलं होतं. तो मात्र अजून जुनंच पालुपद गात होता.

त्याने तारेचं कुलूप उघडलं. मी सुटलो! आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण तेवढ्यात तीच तार त्याने नव्याच्या पट्ट्यात अडकवली. तो माझ्याच कारखान्यातला, माझा धाकटा भाऊ. आठच दिवस तो एका घरी राहिला होता.

आता मी ताईंबरोबर रोज कामाला जातो, संध्याकाळी त्या मला हळुवार पुसून ठेवतात. तरी मन त्या खुंटीपाशी अडकतं. मित्रांनो, दुकानात तो भेटला तर तार ओढू नका, त्याला आपटू नका. स्टूल घेऊन जरा वेळ बसा. तो कान आवळेल, थोडं सोसा. तुम्ही बसाल तेवढा तो सैल होईल.