ओळख दाखवायची नाही

जोआनाच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा मिस्सा चालू होता आणि तिच्या नवऱ्याचं, बॅप्टिस्टचं, लक्ष वेदीकडे नव्हतं. ते शेवटच्या बाकावर होतं. तिथे तो माणूस बसला होता. उंच, उन्हाने रापलेला, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. शेजारचे उठले की उठायचा, बसले की बसायचा. आणि डोळे पुसायचा. दुसऱ्याच्या बायकोसाठी!

फादर प्रवचनात जोआनाचं कौतुक करत होते आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वालीवच्या कारखान्यांत राबणाऱ्या बाया, दारूपायी घराला मुकलेले पुरुष, जिवाला कंटाळलेली माणसं, सगळ्यांसाठी ती माणिकपूरला एका दुकानावरच्या खोलीत बसायची. मनाचे आजार बरे करायची. नुसती दयाळू नव्हती, रीतसर शिकली होती. रस्त्याने निघाली की रिक्षावाल्यापासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांची चौकशी. चार पावलांच्या वाटेला तास लावायची. पण हा माणूस समोरून आला की तिची मान वळायची. मग बांगड्या बघ, नाहीतर कुठलीतरी पाटी वाच. तोही न बघितल्यासारखं करून निघून जायचा.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे पुन्हा पुन्हा व्हायचं. बॅप्टिस्टने जन्मभर केळीची वाडी केली होती. पाणी कुठे मुरतंय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"कोण गं तो?" त्याने एकदा विचारलंच.

"कोण?"

"ज्याला तू बघितलं नाहीस, तो."

"माझ्यावर विश्वास ठेव," एवढंच जोआना म्हणाली. आता, विश्वास ठेव म्हटल्याने कुणाचा विश्वास बसलाय का? उलट होता तोही उडाला. त्या दिवसापासून बॅप्टिस्टने तिच्याबरोबर बाजारात जाणं सोडलं. भांडला नाही, पण बोलणं कामापुरतं ठेवलं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने तिचं सगळं केलं, तरी मनातलं किल्मिष काही गेलं नाही.

मिस्सा संपला. लोक दफनभूमीत मेणबत्त्या लावून पांगले. तो माणूस मात्र थडग्यापाशी उभाच. बॅप्टिस्टने ठरवलं, आता याला सोडायचा नाही.

"तुम्ही कोण? माझ्या बायकोला कसे ओळखत होता?"

"मी आत्माराम. अर्नाळ्याचा. बोट हाय माजी, मीच तांडेल." त्याने आजूबाजूला बघून घेतलं. "बाई बोलल्या नाय तुमाला?"

"बोलली असती तर विचारलं असतं का?"

"कधीच नाय?" आत्मारामचा चेहरा पडला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "माजा भाऊ माज्या बोटीवरून पान्यात गेला. सापडला पन नाय. मग मला वाटायचं, आपनपन तिकडंच जावं. लपून बाईंकडं यायचो. घरी अजून ठाऊक नाय. डोकं फिरलेल्या तांडेलाच्या बोटीवर कोन खलाशी चढनार? बाई बोलल्या, रस्त्यात भेटलो तर मी ओळख दाखवनार नाय. तुमी दाखवली तरच दाखवीन. मी कधी दाखवली नाय. भ्यालो. आज आलो."

बॅप्टिस्ट शेजारच्या कठड्यावर बसला. 'तो माझा पेशंट आहे.' बस, एवढंच सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण ती गोष्ट आत्मारामची होती, तिची नव्हती. म्हणून जोआना नवऱ्याच्या नजरेतून उतरली आणि तशीच राहिली. त्याला रडू आलं. रागही आला. तिचा, स्वतःचा आणि थोडा या माणसाचाही.

"दादा, कोनाला बोलू नका," हात जोडून आत्माराम फाटकाकडे निघाला.

तेवढ्यात बॅप्टिस्टची बहीण रेजिना आली. तिच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं, आणि मासळीला तर ती अर्नाळ्यालाच जायची.

"कोण रे तो? चर्चमध्ये टिपं गाळत होता. बायका विचारतायत, जोआनाचा कोण लागायचा?"

फाटक वाजलं. आत्माराम अजून हाकेच्या अंतरावर होता. एका शब्दात जोआनाचं नाव स्वच्छ झालं असतं. तो शब्द बॅप्टिस्टच्या अगदी ओठांवर आला.

"मला नाही ठाऊक," तो म्हणाला.

"अरे, आत्ता तर बोलत होतास त्याच्याशी!"

"वाट विचारत होता."

रेजिनाने थडग्याकडे बघितलं, मग भावाकडे. "गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं म्हणा," असं म्हणून तिने ओठ मुडपले आणि बायकांच्या घोळक्याकडे चालू लागली. ती तिथे काय सांगणार, हे बॅप्टिस्टला कळत होतं. तिला हाक मारावी म्हणून तो उठलाही. मग त्याने कठडा धरला आणि तिला जाऊ दिलं. एवढ्यानेच त्याचा जीव कासावीस झाला होता. जोआनाने हे त्याच्याबरोबर एका घरात राहून रोज कसं केलं असेल, ते त्याला कळेना.