शिळेवरचं कुंकू

आश्विनातलं ऊन वेंगुर्ल्याच्या खाडीवर उतरलं, की पाण्याला सोन्याची कांती चढते. कापणीला आलेली शेतं पिवळीधमक, माडांच्या झावळ्या गर्द हिरव्या, आणि वर ते निळं, निवळशंख, शरदानं धुऊन काढलेलं आकाश. असं आकाश दिसलं, की अच्युतरावांचा हात आपोआप रंगांकडे धावे. यंदा तो धावला नाही. यंदा तो धोतराच्या सोग्यात दडून बसला होता.

हात कापत होता.

श्रावणात चहाची बशी प्रथम खुळखुळली, तेव्हा त्यांनी वाऱ्याला दोष दिला. पुढे वारा पडला, तरी बशी वाजायची थांबली नाही. तेव्हापासून त्यांनी बशीच सोडली. कारण कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

याच हातानं विशीत नाटक कंपनीचे पडदे रंगवले. राजवाडा रंगवला, अरण्य रंगवलं, चांदण्यातला नदीकाठ रंगवला. कंपनी बुडाली. मग त्या रिकाम्या राजवाड्यांत माणसं हवीत म्हणून याच हातानं कथा लिहिल्या. कथा कुणी छापीना, म्हणून घराच्या पडवीत दगडावरून छापणारा शिळाप्रेस थाटला, आणि लेखकाचा प्रकाशक झाला. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ असं बाजारपेठ म्हणे. बाजारपेठेचं काय जातं बोलायला? त्या चिंध्यांचीच त्यांनी गोधडी शिवली होती. तिचं नाव ‘सिंधुवेला’. दर दिवाळीला अंक निघे. आत त्यांची कथा, वर त्यांचं चित्र, आणि शेवटच्या पानावर प्रकाशक म्हणूनही त्यांचंच नाव.

यंदा त्यांनी मनाशी करार केला होता. मुखपृष्ठ साधलं, तर अंक. नाही साधलं, तर प्रेसला कुलूप, आणि चित्रकार, लेखक, प्रकाशक तिघांनाही एकदमच निरोप.

पिवळसर, गारगार, आरशासारख्या गुळगुळीत शिळेवर ते तेलकट खडूनं रेखीत राहिले. सायंकाळची खाडी. गुडघाभर पाण्यात उभी एक स्त्री. तिच्या ओंजळीत पणती. ज्योतीच्या जागी मात्र काहीच नाही, नुसती कोरी शिळा. कागदावर तोच उजेड व्हायचा. डाव्या हातानं उजवं मनगट धरून, श्वास रोखून, एकेक रेघ त्यांनी अंगाबाहेर काढली. एरवी नवरात्राआधीच छापून मोकळं होणारं काम अष्टमीच्या तिन्हीसांजेला कसंबसं संपलं. आता शिळेवर डिंकाचं पाणी फिरवायचं, म्हणजे कोरी जागा कायमची कोरी राहते. पण हात मेला होता. उद्या फिरवू, म्हणून ते उठले.

उद्या खंडेनवमी होती, हे ते साफ विसरले.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून प्रेसची ही पूजा सत्यभामाबाईंची. त्यांनी भल्या सकाळी चाकाला झेंडू वाहिला, रुळाला हळद लावली, आणि तुपात कालवलेलं कुंकू अनामिकेवर घेऊन त्या शिळेपाशी आल्या. चित्र काढलेली शिळा हे डिंकाशिवाय रात्रभर ठेवणार नाहीत, ही त्यांची इतक्या वर्षांची खात्री. डिंकावरचं कुंकू काय, पुसलं की गेलं. तरीही चित्राला धक्का नको म्हणून त्यांनी कोरी जागा शोधली, आणि तिथे बोट टेकवलं.

अच्युतराव दारात आले, तेव्हा ओंजळीतल्या पणतीवर लाल बोट उमटलेलं होतं.

शिळेला तूप फार प्यारं. स्निग्ध जे जे लागेल ते ती पिऊन घेते, आणि शाई फिरली की काळं करून दाखवते.

“डिंक फिरवलात मां?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“व्हय,” ते म्हणाले.

नाही म्हटलं असतं, तर का नाही, तेही सांगावं लागलं असतं. त्यांचा हात शिळेकडे गेला आणि अधांतरी थांबला. सवाष्णीनं लावलेलं कुंकू, तेही पूजेच्या दिवशी, नवऱ्यानं पुसायचं? रीतभात थट्टेवारी नेणाऱ्या त्या माणसाला एवढं मात्र जमेना. तो अख्खा दिवस ते पडवीत येरझारा घालीत राहिले. खाडीला भरती आली, ओहोटी लागली. आत शिळा तूप पीत होती, आणि त्यांना तहान लागत नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी सत्यभामाबाईंनी फुलं उतरवली, हळदकुंकू हलकेच टिपलं. शिळा पुन्हा कोरी दिसली. कोरी दिसणाऱ्या त्या जागेची अच्युतरावांना भीती वाटली. त्यांनी उशिराचा डिंक फिरवला, पाणी फिरवलं, शाईचा रूळ फिरवला. कागद घातला, चाक ओढलं, कागद उचलला.

सगळं कापत होतं. खाडी कापत होती, पदर कापत होता, त्या स्त्रीच्या भुवया कापत होत्या. श्रावणापासून लपवलेलं कागदानं एका क्षणात चव्हाट्यावर आणलं होतं. ज्योतीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“संपला सगळा. कुलूप घाल प्रेसाक. माझो हात...”

“तुमचो हात कापता, ता माका श्रावणापासून ठाऊक असा,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “तुमी सांगशात म्हणान गप रवलंय.”

त्यांना रडू आलं, आणि बरंही वाटलं. बाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला, तसा तो हात पुन्हा सोग्यात शिरला. त्यांनी कागद दारातल्या उन्हात धरला, आणि बराच वेळ पाहिला.

“पाणी तर कापताच,” त्या म्हणाल्या. “दिवो बघा.”

त्यांनी पाहिलं. ओंजळीत एक बोट उभं होतं, वर निमुळतं, खाली भरलेलं. आत रेषा होत्या, केसाहून बारीक, एकीच्या कुशीत दुसरी, दुसरीच्या कुशीत तिसरी. त्यांनी आयुष्यात काढलेल्या कुठल्याही रेषेहून त्या शांत होत्या.

अच्युतरावांनी सोग्यातला हात बाहेर काढला आणि चाकावर ठेवला. त्यावर सत्यभामाबाईंनी आपला ठेवला. चाक फिरलं.

दुपारी पडवीतल्या दोरीवर ओले कागद ओळीनं झुलू लागले. खाडीवरून वारा आला. कागदाकागदावर पाणी कापत होतं, पदर कापत होता, ओंजळ कापत होती. आणि त्या ओंजळीत, कागदाकागदावर, ज्योत स्थिर होती.