एस.टी. वळायला जागा

सुकदेव आबा चौतीस मतांनी पंचायत समितीवर निवडून आले आणि त्या दिवसापासून त्यांच्या ओट्याला सुट्टी म्हणून मिळाली नाही. सकाळी चूळ भरायच्या आत माणसं हजर. कोणाच्या शेतावरची डीपी जळालेली, कोणाचा दाखला अडलेला, कोणाची म्हैस गाभण राहत नाही म्हणून गुरांच्या डॉक्टरला चिठ्ठी हवी. झुलालला जुळं झालं, तेव्हा दोन्ही नावं आबांनीच ठेवून दिली. नाही म्हणणं त्यांना येतच नव्हतं. ‘होऊन जाईल’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि निम्मी कामं खरोखरच आपोआप होऊन जायची.

त्र्याण्णव सालच्या मार्गशीर्षात बेबाबाई आली. तिची सून सुनंदा दोन महिने झाले, चोपड्याला माहेरी जाऊन बसली होती. मुलगा लोटन दोनदा आणायला गेला आणि दोन्ही वेळा नुसताच जेवून परत आला.

“आबा, तुम्हना शबद कोनी मोडत नही,” बेबाबाई म्हणाली. “तुम्ही चला.”

आबा लगेच उठले. बायको प्रमिलाबाई दारातून म्हणाली, “ती कसाले रुसनी, ते तरी इचारं का?”

आबांनी टोपी नीट केली. भांडण मिटवणाऱ्यानं कारणात शिरू नये, असं त्यांचं मत होतं.

चोपड्याला सुनंदाच्या वडिलांनी, अभिमन आप्पांनी, त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. लोटन शेजारी मान खाली घालून बसला. आबांनी संसाराचं गाडं, दोन बैल, एकानं ओढ खाल्ली तर दुसऱ्याची मान कशी सोलते, हे सगळं रंगवून सांगितलं. दुसऱ्या बैलाची मान सोलत आली, तेव्हा सुनंदा बाहेर आली. कडेवर आठ महिन्यांचं पोर होतं.

“आबा, माझं सासूशी भांडण नाही आणि यांच्याशीही नाही,” ती म्हणाली. “फाट्यापासून गाव साडेतीन किलोमीटर. याला ताप भरला, तेव्हा डॉक्टरकडं जायला तीन वेळा भर उन्हात फाट्यापर्यंत चालत गेले. आमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पारावर भाषण केलं होतं, दिवाळीपर्यंत गावात एस.टी. येईल म्हणून. आमचे आप्पा समोर बसले होते. तुमच्या शब्दावर त्यांनी मुलगी दिली.”

अभिमन आप्पा बशीतल्या चहाकडं बघत राहिले. त्या भाषणावर दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

“गाडी सुरू होईल त्या दिवशी मी गाडीनंच येईन,” सुनंदा म्हणाली आणि आत गेली.

परतताना आबा लोटनला घेऊन तडक डेपोत शिरले. मॅनेजरपुढं त्यांनी आवाज चढवला. गावावर अन्याय होतोय, उपोषणाला बसू, असंही म्हणून झालं. मॅनेजर शांत स्वभावाचा माणूस होता. त्यानं फाइल काढली.

“आबा, तुमची गाडी मंजूर होऊन चौदा महिने झाले. रस्ता ठीक आहे. फक्त गावात वळायला जागा नाही. चौकात एक गोठा पुढं आलाय. तो चार हात मागं घ्या, गाडी देतो. तसं पत्र तुम्हाला पाठवलं होतं. ही तुमची पोचेची सही.”

सही आबांचीच होती. गोठाही त्यांचाच होता. निवडून आल्यावर, आता कोण अडवतंय म्हणून, त्यांनीच तो चौकात पुढं सरकवला होता. लोटन खिडकीबाहेरच्या गाड्या फार लक्ष देऊन बघू लागला.

पत्र घरीच सापडलं. प्रमिलाबाईनं ते फडताळात डब्याखाली अंथरलं होतं, न फोडलेलं.

संध्याकाळी आबांनी पारावर घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांना वाटत होतं की गाव चकित होईल. कोणी चकित झालं नाही.

“बठ्ठासले माहीत व्हतं, आबा,” म्हातारे जीवराम नाना म्हणाले.

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमना गोठा. तुमले आम्ही काय सांगाव?”

आबांना रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. सकाळी कोणी यायच्या आत ते स्वतः शिडी लावून गोठ्यावर चढले. पहिला पत्रा त्यांनी काढला, दुसऱ्याला लोटन आला, तिसऱ्यापर्यंत निम्मी गल्ली जमली होती. गाय शेजारच्या लिंबाला बांधली होती, ती दिवसभर हंबरत राहिली.

पुढच्या आठवड्यात सोमवारी साडेनऊला गाडी आली. जीवराम नानांनी हार आणला होता. आबांनी मान किंचित पुढं केली, पण नाना तसेच पुढं गेले आणि हार ड्रायव्हरच्या गळ्यात पडला. आबांना थोडं वाटलंच. तेवढ्यात सुनंदा उतरली. पिशव्या काढायला हात मोकळे हवेत म्हणून तिनं पोर आबांच्या हातात दिलं. पोरानं पहिल्यांदा त्यांची टोपी ओढली. बेबाबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढं आली, आणि लोटन पिशव्या घेऊन उगीच इकडंतिकडं बघत हसत होता.

गाडी एका दमात वळली. काहीही काम नसताना अकरा माणसं तिच्यात बसून फाट्यापर्यंत गेली, आणि दुसरी फेरी संध्याकाळीच असल्यामुळं साडेतीन किलोमीटर चालत परत आली. त्यांत सर्वांत पुढं सुकदेव आबा होते.