किन्हवलीच्या मंडळाची फाइल मी उघडली

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पिवळा पडलोय, पंखा घरघरतो, तरी मला कमी लेखू नका. किन्हवलीच्या युवती मंडळाची फाइल मीच उघडली आणि मीच पूर्ण करून दिली.

माझी पहिली सहा वर्षं मुंबईतल्या एका कचेरीत गेली. तिथे मी नुसती पत्रं छापली. नवी यंत्रं आल्यावर तिथले शिपाई बाळाराम यांनी मला मागून घेतलं आणि गोधडीत गुंडाळून गावी, बौद्धवाडीच्या समाजमंदिरात आणलं. मंडळाची अध्यक्ष पौर्णिमा. तिने माझ्यासाठी भरतकाम केलेलं झाकण शिवलं. कचेरीत माझे एवढे लाड कधी झाले नव्हते.

मला चालवायची मात्र जयश्री. ती गावाबाहेरच्या कातकरीवाडीतली, वीस वर्षांची. तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. ती बारावीला एकदा नापास झाली होती, पुन्हा बसणार होती, आणि तिच्या झोपडीत वीज नव्हती.

२००३ साली जिल्ह्याहून एक फ्लॉपी आली. तिच्यावरच्या फाइलमध्ये मंडळाचं सगळं काम भरून शनिवारी ठाण्याला पोचवायचं होतं. निवडलेल्या मंडळाला अभ्यासिका मिळणार होती. बाकं, दिवे, पुस्तकं, सगळं. जयश्रीचा त्या दिव्यांवर फार जीव होता.

फाइल उघडली तर पडद्यावर नुसते चौकोन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लागणारं सॉफ्टवेअरच माझ्यात नव्हतं. रोज मुंबईला कचेरीत जाऊन-येऊन करणाऱ्या बाळारामकाकांनी ते तिथल्या साहेबांकडून अकरा फ्लॉप्यांवर उतरवून आणलं. आणलं कशात, तर जेवणाच्या डब्यात. आठ फ्लॉप्या मी आनंदाने वाचल्या. नववीला सुकटीच्या चटणीचं तेल लागलं होतं. तिथे माझं डोकंच चालेना.

पौर्णिमाने कपाळाला हात लावला. "डब्यात कशाला ठेवल्या काका?"

"पिशवीत चेपल्या असत्या. डबा कसा घट्ट ऱ्हातो," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नववी पुन्हा उतरवून आणली, या वेळी सदऱ्याच्या खिशात.

शनिवारी सकाळी चौकोनांच्या जागी मराठी अक्षरं उमटली. माझी छाती फुगली. पण बाराला भारनियमनात वीज जायची आणि एकची एसटी गाठायची होती. जयश्री दोन बोटांनी टाइप करत होती. रक्तदान शिबिर, विहिरीची सफाई, आणि वाडीतल्या पोरांची शाळा भट्टीच्या हंगामात सुटू नये म्हणून चालवलेला वर्ग. तो वर्ग ती एकटी घ्यायची. लिहिलं मात्र, 'मंडळाने घेतला.'

पावणेबाराला मी पडद्यावर दाखवलं, 'फाइल अपूर्ण.' एकच रकाना कोरा होता, फाइल भरणाऱ्याचं नाव. तो भरल्याशिवाय मला पुढे जाता येत नव्हतं.

"तुमचं टाकते, पौर्णिमाताई," जयश्री म्हणाली.

"माझं कशाला गो? भरली तू."

"माझं नाय चालायचं. ठाण्याला मला कोण वळखतंय?"

"वळखतील आता. आन् वर्गाच्या पुढंबी तुझंच नाव घाल."

 जयश्रीने आधी वर्गाची ओळ बदलली, मग खाली लिहिलं, जयश्री लडकू हिलम. मी लगेच दाखवलं, 'फाइल पूर्ण.' वीज गेली तेव्हा फ्लॉपी पौर्णिमाच्या हातात होती.

अभ्यासिका आली. त्याच दिव्यांखाली अभ्यास करून जयश्री बारावी पास झाली, आता तिथेच ती मुलांना शिकवते. नवा संगणक आल्यावर मी कोपऱ्यात गेलो. मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि ज्याने काम केलं, त्याच्या नावाचा रकाना कोरा सोडू नका.

परवा कोणीतरी मला भंगारात द्यायला निघालं होतं. जयश्रीने माझ्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "ह्याला नाय द्यायचा. माझ्या कामापुढं माझं नाव मी पयल्यांदा ह्याच्यावर लिवलंय."