समुद्राचा अल्बम

"जगात माणसं दोनच प्रकारची, समुद्र पाहिलेली आणि न पाहिलेली," असं कागेहाने जाहीर केलं. ती स्वतः गेल्या मंगळवारी मोंबासाला जाऊन पहिल्या प्रकारात आली होती.

गावात पाहुण्याला चहाआधी अल्बम देतात. जाऊबाईंचा नैरोबीचा अल्बम कागेहाने वीस वर्षं मुकाट पाहिला होता. आज जाऊबाई पाहुण्या होत्या आणि मोंबासाचा अल्बम त्यांच्या मांडीवर होता.

"सगळे चर्चच्या कपड्यांत ओळीने उभे. समुद्र कुठाय?"

"आमच्या मागे."

"मागे तर आमचं माशांचं तळंही असेल!"

दाखवायचं नाही असं ठरवलेलं शेवटचं पान कागेहाने उलटलं. त्यावरच्या फोटोत लाटेने अख्खं कुटुंब आडवं केलं होतं आणि कागेहाची टोपी तरंगत निघाली होती.

जाऊबाई पोट धरून हसल्या. "हरले गं बाई! तळं असं करत नाही."

कागेहाची मान ताठ झाली. "पुन्हा पहिल्यापासून दाखवू?"

"दाखव. पण आधी चहाचं आधण ठेव."